तोडणाऱ्याचा पहिला घास

मला थांबता येत नाही. सौंसरची बस दहा मिनिटं उशिरा आली तरी मी चार वेळा उठून रस्त्याच्या टोकापर्यंत पाहून येते. सोबतच्या शिक्षिका म्हणतात, तुम्ही पाहिल्याने बस लवकर येते का? येत नाही, मलाही कळतं. पण बसून राहिलं की पायाला मुंग्या येतात. कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत मी गॅस बंद केलेला असतो, आणि डाळ कच्ची राहिली म्हणून तो पुन्हा पेटवलेलाही असतो. अशा बाईच्या माहेरी वर्षातून एक दिवस रश्श्याने भरलेल्या गंजासमोर सगळ्या घराने उपाशी बसायची रीत असावी, ही देवाने केलेली थट्टाच म्हणायची.

ही रीत टेकोड्यांची. टेकोडे म्हणजे पावसाळ्यात वारुळातून वर येणाऱ्या अळंबीच्या मोठ्या छत्र्या. कोवळ्या असताना मुठीएवढ्या, उघडल्या की तळहाताहून मोठ्या, पांढऱ्या, मधोमध टोक असलेल्या. माझे बाबा तिगावला राहतात. तिथे आमची थोडी संत्र्याची बाग आहे, बाकी वावरात कापूस. त्या बागेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कुठेतरी ते वारूळ आहे. कुठेतरी म्हणते, कारण बाबांनी ते कधी कुणाला सांगितलं नाही. वारुळाकडे बोट दाखवलं की टेकोडे तिथून उठून जातात, असं आमच्याकडे मानतात. आईने तीस वर्षं टेकोडे रांधले, पण ते कुठून येतात हे तिलाही शेवटपर्यंत कळलं नाही.

ज्याने तोडले, त्यानेच पहिला घास खायचा. घास कसला, चांगलं वाटीभर कालवण आणि अर्धी भाकर. मग त्याने छपरीत जाऊन बसायचं आणि बाकीच्यांनी दिवे लागेपर्यंत थांबायचं. तोवर त्याला काही झालं नाही तर पानं वाढायची. दुसरी रीत मुळांची. टेकोडे उपटायचे नाहीत, मुळासकट उकरून काढायचे, आणि मुळं ताटलीत सगळ्यांना दिसतील अशी ठेवायची. खऱ्या टेकोड्याचं मूळ वारुळात खोल गेलेलं असतं. उकिरड्यावरची विषारी छत्री कितीही सुंदर दिसली तरी तिला तसं मूळ नसतं.

लहानपणी त्या दिवशी मी बाबांना जगणं नकोसं करायची. दर दहा मिनिटांनी छपरीत जाऊन विचारायची, "बाबा, पोट दुखून राहिलं का?" ते म्हणायचे, "नाई." मी आत जाऊन आईला सांगायची, दुखत नाहीये, वाढ. आई म्हणायची, दिवा लागू दे. एकदा बाबांनी मुद्दाम पोट धरलं आणि डोळे फिरवले. मी एवढ्या जोरात किंचाळले की शेजारची माणसं धावत आली. आईने बाबांना जे झापलं ते मला अजून आठवतं. मी मात्र त्या दिवशी जेवलेच नाही. मुलगी उपाशी झोपली म्हणून बाबाही रात्रभर हळहळत होते, असं आई सांगायची.

लग्न होऊन मी पांढुर्ण्याला आले. रेल्वेने जवळच. मग दर भादव्यात बाबा सकाळच्या पॅसेंजरने टोपली घेऊन येऊ लागले. पळसाच्या पानांत झाकलेले टेकोडे, वर ओला फडका. ते आले की बाकी सगळं बाजूला ठेवावं लागतं, कारण टेकोडे त्याच दिवशी खायचे असतात. दुसऱ्या दिवशी त्यांना अळ्या पडतात. आई गेल्यावर तर बाबांचा तो एक दिवस माझ्याकडे ठरलेलाच होता. नवरा त्यांना मामाजी म्हणतो आणि त्यांच्यापुढे मान खाली घालून बसतो. माझी लेक त्यांना आबाजी म्हणते आणि त्यांच्या खांद्यावर चढून बसते. आणि मी दिवे लागेपर्यंत घरभर येरझाऱ्या घालते.

दोन वर्षांपूर्वी त्यांचे डोळे बिघडल्याचं लक्षात येऊ लागलं. कपात ओतलेला चहा बशीच्या बाहेर जायचा. वावरातल्या बुजगावण्याला त्यांनी राम राम घातल्याचं शेजाऱ्याने हसत हसत सांगितलं. बाबा म्हणाले, "घातला तं घातला. काय बिघडलं?" डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, ऑपरेशन करा म्हणाले. बाबा म्हणाले, "पिकला नाई अजून. कच्चं फळ कोनी तोडते का?" मी समजावलं, भांडले, दोन दिवस फोन केला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही अजून शाबूत होता.

त्याच वर्षीचा भादवा. पोळा होऊन आठवडा झाला होता. रविवार होता. मी दार उघडलं तेव्हा बाबा पायाने पायरी चाचपत होते. एका पायात त्यांची तपकिरी चप्पल होती आणि दुसऱ्या पायात कुणाची तरी काळी.

"सोळा हायेत," टोपली पुढे करत ते म्हणाले. "यंदा बम फुटले."

मी टोपली घेतली आणि थेट मागच्या अंगणात नळाखाली बसले. शाळेचे पेपर तपासायचे होते, कपडे भिजत होते, पीठ मळायचं होतं. टेकोडे साफ करायला सबुरी लागते. माती खरवडायची, मूळ खुडायचं, छत्री अलगद धुवायची. मी भांडी घासावीत तसे ते साफ केले. बाबांचा चहा संपायच्या आत सोळाच्या सोळा परातीत होते. अंगण खराट्याने झाडलं, बादलीभर पाणी मारलं. तेवढ्यात कचऱ्याची गाडी येऊन गेली.

बाबा ताटली हातात घेऊन मागे आले. "मुळं ठेव इच्यात."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. "बाबा, मुळं तं गेली. कचऱ्याच्या गाडीत."

"तू बी ना, बाई," ते म्हणाले. रागावले नाहीत. माझी घाई त्यांना माझ्या जन्मापासून ठाऊक आहे. "जाऊ दे. मी पाहूनच तोडले हायेत."

पाहून. तो एक शब्द माझ्या डोक्यात जाऊन बसला. मी परातीकडे पाहिलं. बहुतेक छत्र्या नेहमीसारख्या होत्या. पण तीन वेगळ्या होत्या. पूर्ण उघडून सपाट झालेल्या, कडेला फाटलेल्या, वरून किंचित मळकट. उमललेला टेकोडा असाच दिसतो, हे मला तीस वर्षं माहीत होतं. त्या दिवशी माहीत असलेलं काहीच उपयोगाला येईना. यांना मुळं होती का? मी स्वतःच्या हाताने खुडली होती आणि मला आठवत नव्हतं. हात करत होते, मन पेपर तपासत होतं.

"बाबा, सगळे एकाच वारुळाचे ना?"

"तं काय गावभर फिरून आणले?" म्हणाले. पण त्याआधी ते क्षणभर थांबले होते. थांबले होते की मला तसं वाटलं, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मी फोन उघडला. एक जण म्हणत होता, रंगावरून ओळखा. दुसरा म्हणत होता, रंगावर जाऊ नका. एकाने सांगितलं की सगळ्यात वाईट जातीची छत्री खाल्ल्यावर अर्धा दिवस काहीच होत नाही, माणूस हसतखेळत असतो, आणि मग होतं. म्हणजे दिवे लागेपर्यंत थांबून काय कळणार? आमच्या घरातलं सगळं थांबणं एका व्हिडिओने निकालात काढलं. आणि पहिला घास बाबांचा असणार होता. मी स्वयंपाकघरात गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. नवऱ्याला हळूच सांगितलं. तो म्हणाला, "शंका असन तं नोको करू. पन सांग त्याइले सरळ." सरळ सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुमचे डोळे गेले, तुमच्या हातचं आता आम्ही खाणार नाही? आईच्या मागे त्यांच्याकडे आम्हाला द्यायला एवढीच एक गोष्ट उरली होती.

बाबा बाजारात दाढी करायला निघाले. लेक त्यांचं बोट धरून गेली. फाटक लागल्याचा आवाज आला आणि मी परात उचलली. मागच्या भिंतीशी लिंबाच्या झाडाखाली खड्डा केला आणि सोळाही टेकोडे पुरले. मग पायात चप्पल सरकवून डेअरीत गेले आणि फ्रीजमधली मश्रूमची पाकिटं घेऊन आले. ती गोल, गुळगुळीत, शर्टाच्या गुंड्यांसारखी. टेकोड्याला आम्ही सुरी लावत नाही, हाताने उभा चिरतो, त्याचे लांब धागे निघतात. या गुंड्यांचे धागे निघेनात, नुसते तुकडे पडायचे. कांदा आणि सुकं खोबरं विस्तवावर काळं होईपर्यंत भाजलं. धने, खसखस आणि भरपूर लसूण घालून वाटण केलं. फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं, तेल सढळ हाताने ओतलं, तिखटही जास्त घातलं. वास हुबेहूब आला. जामसांवलीच्या मारुतीला मनातल्या मनात नारळ कबूल केला. कशासाठी केला, ते मलाही नीट माहीत नव्हतं. पकडली जाऊ नये म्हणून असावा.

बाबा गुळगुळीत दाढी करून आले, हातपाय धुऊन पाटावर बसले. मी ज्वारीची भाकर आणि वाटीभर रस्सा त्यांच्यापुढे ठेवला. आम्ही तिघं रीतीप्रमाणे बाजूला बसलो. चोराच्या मनात चांदणं, मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि बघत नाही असं दाखवत होते. त्यांनी घास घेतला. चावला. चावायचे थांबले. मग पुन्हा चावला. दुसरा घास घेतला. अर्धी भाकर संपवली, वाटी पुसून घेतली.

"रस्सा चांगला झाला," म्हणाले. आणि मग, "बसा सगळे."

"बाबा, आत्ता तं दुपार हाय. दिवे लागू द्या ना."

"याले कायले थांबा लागते?" ते म्हणाले. "वाढ पोरीले. भूक लागली असन तिले."

माझ्या आयुष्यात पहिल्यांदा आम्ही त्या दिवशी भर दुपारी जेवलो. लेक खूश होती. नवऱ्याने मान वर केली नाही. थांबायची सक्ती नको म्हणून मी जन्मभर कुरकुर केली, आणि आता ती उठली तर वाटत होतं, कुणीतरी मला पुन्हा दिवे लागेपर्यंत बसवा.

एरवी ते मुक्काम करायचे. त्या दिवशी दुपारच्याच गाडीने निघाले. मी स्टेशनवर सोडायला गेले. बाकावर बसून मी काहीबाही बोलत राहिले, लेकीच्या शाळेचं, पाण्याचं, भाजीच्या भावाचं. ते हं हं करत होते. गाडी आली. उठताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"डोये गेले माहे, बाई," म्हणाले. "जीभ हाय अजून."

डब्याचा दांडा त्यांना दोनदा चाचपून सापडला. मी हात दिला, पण तोवर ते चढले होते.

दोन दिवसांनी मागच्या अंगणातलं पाणी तुंबलं. मोरीची जाळी काढली तर खाली मुळं. कचऱ्याच्या गाडीत काही गेलंच नव्हतं. मीच बादलीभर पाण्यासोबत ती मोरीत ढकलली होती. मी ती धुऊन ओट्यावर मांडली. बोटाएवढी जाड, टोकाकडे निमुळती, खाचांत वारुळाची तांबडी माती अजून अडकलेली. सोळा. दोनदा मोजली, तिसऱ्यांदा मोजली. सोळाच. ज्या माणसाला पायातली चप्पल दिसत नव्हती, त्याने सोळाच्या सोळा हाताने चाचपून, उकरून, बरोबर काढले होते. मी मोरीजवळ बसून रडले. खोटं बोलले याची लाज होतीच. त्याहून जास्त लाज याची, की बापाच्या हातचं अन्न मी विष समजून पुरलं आणि त्याला कळू नये म्हणून वर मसाला घातला.

फोनवर मी बराच वेळ ताकाला जाऊन भांडं लपवत राहिले. शेवटी म्हणाले, "बाबा, ते सोळाही खरे होते."

"मले माहीत हाय ना," ते म्हणाले, आणि बागेला पाणी सोडायचं आहे म्हणून फोन ठेवला.

हिवाळ्यात त्यांनी एका डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. मला सांगितलं नाही, शेजाऱ्याला सोबत घेऊन गेले. झाल्यावर फोन केला. "पिकला होता," एवढंच म्हणाले. मला आनंद झाला आणि अपमानही वाटला. माझ्या भांडणाने जे झालं नाही ते माझ्या रश्श्याने झालं होतं.

पुढचा भादवा आला. रविवारी सकाळी पॅसेंजरची वेळ झाली की मी फाटकापर्यंत जायची. पहिला रविवार गेला, दुसरा गेला. डोळा बरा होता, वारूळ जागेवर होतं, पाऊसही चांगला होता. टोपली आली नाही. बाजारात बाया जंगलातले टेकोडे घेऊन बसल्या होत्या. नवरा म्हणाला, "घेऊ का?" मी त्याच्यावर उगीचच ओरडले. तिसऱ्या रविवारी मीच पॅसेंजरमध्ये बसले. गाडी वाटेत उभी राहिली तेव्हा मी दोनदा उतरून सिग्नल पाहून आले.

बाबा छपरीत काळा चष्मा लावून बसले होते.

"आली?"

"आली."

"चाल मंग," म्हणाले आणि खुरपं माझ्या हातात दिलं.

बागेच्या टोकाला, धुऱ्याजवळ, ते एका दगडापाशी थांबले आणि माझ्याकडे तोंड करून बसले. "बोट नाई दाखवत मी. माह्या पाठीमांगं हाय."

मी पलीकडे गेले. वारूळ होतं आणि त्यावर पांढरे टेकोडे, काही कळीत, काही उघडलेले. मी पहिल्याला हात घातला आणि ओढला. कट्‌कन मोडला.

"घाई करू नोको," बाबा मागे न पाहता म्हणाले. "माती हाटव पह्यले."

मी माती बाजूला करू लागले. मूळ खाली, आणखी खाली जात होतं. पायाला मुंग्या आल्या, कपाळावर डास बसला, तरी उठले नाही. एक टेकोडा काढायला किती वेळ लागतो ते मला चाळिशीत कळलं. मोडका धरून नऊ काढले, कळ्या तशाच ठेवल्या. मग फडका त्यांच्यापुढे धरला.

"बाबा, पाहा ना. बरोबर हायेत?"

ते चष्मा सावरत उठले. "तू तोडले. तूच सांग."

घरी आईच्या चुलीच्या जागी आता गॅस आहे. मी हाताने उभे चिरले, लांब लांब धागे निघाले. मीठ शेवटी घातलं. नऊ मुळं ताटलीत एका रांगेत मांडून ताटली मधोमध ठेवली. आणि वाटी घेऊन पहिला घास मी घेतला, कारण तोडले मी होते. चव ओळखीची होती, तरी घास गिळताना मोडलेला पहिला टेकोडा आठवला, त्याच्या मुळाचा नुसता तुकडाच ताटलीत होता. बाबा समोर बसले होते. तीस वर्षं दर दहा मिनिटांनी मी या माणसाला पोट दुखतं का विचारत होते. आपण खाल्लेल्या घासाकडे घरातली सगळी माणसं डोळे लावून बसतात तेव्हा कसं वाटत असेल, हे एकदाही विचारलं नव्हतं.

मी वाटी पुसली आणि छपरीत जायला उठले. ऊन अजून अंगणात होतं. दिवे लागायला चार-पाच तास तरी होते.

"कुठं चालली?" बाबांनी आपली थाळी पुढे सरकवली. "वाढ."

"बाबा, थांबा ना. दिवे..."

"मले भूक लागली हाय."

मी वाढलं. घाईत थोडा रस्सा थाळीबाहेर सांडला. नव्या डोळ्याने त्यांना ते सांडलेलं दिसलं, त्यांनी बोटाने ते पुसून घेतलं. समोरच्या मुळांच्या ताटलीकडे त्यांनी पाहिलं नाही. भाकर मोडली, रश्श्यात बुडवली आणि खाऊ लागले. मग म्हणाले, "आनखी एक भाकर टाक," आणि मी तव्याकडे वळले.